आरएनएवरची खूण आणि बीपीची गोळी

दादा माझा थोरला भाऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्याने उभं आयुष्य फिजिशियन म्हणून काढलं. माझी लेक हृदयाच्या पेशींमधल्या आरएनएवर संशोधन करते. दोघांच्या कामातला रोग एकच: वाढलेला रक्तदाब आणि त्यापायी थकत जाणारं हृदय. पण दादाला लेकीचं काम म्हणजे उंदरांचे लाड वाटतात आणि लेकीला दादाचं काम म्हणजे आकडा खाली आणून हात झटकणं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि आता रोज बीपीची अम्लोडिपिन घेते, त्यामुळे दोघांचंही ऐकावं लागतं. त्यांचा वाद शब्दशः नाही, पण प्रामाणिकपणे उतरवला आहे. राहवलं नाही तिथे मध्ये तोंड घातलं आहे.

दादा : आधी मला सांग, ही आरएनए मिथायलेशनची भानगड आहे तरी काय? आम्हाला एमबीबीएसला डीएनए, त्यावरून आरएनए, त्यावरून प्रथिन, एवढंच शिकवलं. खुणाबिणा कुठे नव्हत्या.

लेक : होत्या मामा, फक्त तुमच्या पुस्तकात नव्हत्या. डीएनए म्हणजे तलाठ्याचं मूळ दप्तर धरा. ते कचेरीबाहेर जात नाही. बाहेर येतो तो उतारा, म्हणजे संदेशवाहक आरएनए, आणि पेशी त्याबरहुकूम प्रथिनं बनवते. उताऱ्यावर कुणी पेन्सिलीनं बारीक फुली मारली तर मजकूर तोच राहतो. पण पुढच्या टेबलावरचा कारकून फुली बघून ठरवतो, की कागद लगेच सरकवायचा, दाबून ठेवायचा की रद्दीत टाकायचा. ही फुली म्हणजे मिथाइल गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. ॲडेनोसिन या अक्षराच्या सहाव्या स्थानावरच्या नायट्रोजनला तो चिकटला की आम्ही त्याला एम-सिक्स-ए म्हणतो. एका संदेशावर सरासरी तीनेक असतात, आणि बऱ्याचशा संदेशाच्या शेवटाकडे, जिथे प्रथिनाचा मजकूर संपतो त्याच्या आसपास.

दादा : हे कळलं कधी?

लेक : १९७४ मध्येच. मिशिगनमध्ये फ्रिट्झ रॉटमन यांच्या प्रयोगशाळेत. पण खूण आहे एवढंच कळलं, कुठल्या संदेशावर कुठे आहे ते शोधायची सोय नव्हती, म्हणून विषय जवळजवळ बाजूला पडला. २०११ मध्ये शिकागोच्या चुआन हे यांच्या गटाने दाखवलं, की एफटीओ नावाचं प्रथिन ही खूण पुसतं. तिथून सगळं पालटलं. जी खूण पुसता येते, तिच्या मागे काही कारभार असणार. पुढच्याच वर्षी इस्रायल आणि न्यूयॉर्कमधल्या दोन गटांनी सबंध पेशीतल्या खुणांचे नकाशे काढले. खूण मारणारं मुख्य प्रथिन मेटल-थ्री, त्याचा जोडीदार मेटल-फोर्टीन. पुसणारी दोन, एफटीओ आणि ॲल्क-बी-एच-फाइव्ह. वाचणारी वायटीएच घराण्यातली. त्यांतलं एक खुणेचा संदेश लवकर मोडीत काढतं.

दादा : आणि माझ्या पेशंटच्या बीपीशी याचा संबंध?

लेक : आधी हृदय घेऊ. बीपीवर मग येते, कारण तिथे माझी बाजू लंगडी आहे.

एवढं कबूल केल्यावर दादा जरा सैलावला, असं माझं निरीक्षण. मग तोच सांगायला लागला.

दादा : हृदयाचं मला सांगू नकोस. टूडी एकोवर डाव्या कप्प्याची भिंत साधारण एक सेंटिमीटर असावी. तेरा-चौदा मिलिमीटर दिसली की मी रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि विचारतो, गोळ्या कधी सोडल्या? चढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचं म्हणून स्नायू जाड होतो. आधी ते उपयोगीच असतं. मग तो ताठर होतो, मध्ये मध्ये चिवट तंतू भरतात, आणि एक दिवस माणूस जिना चढताना धापा टाकायला लागतो.

लेक : बरोबर. पण भिंत जाड होते तेव्हा स्नायूपेशींची संख्या फारशी वाढत नाही, आहे तीच प्रत्येक पेशी फुगते. फुगायला ढीगभर प्रथिन लागतं. कुठलं प्रथिन किती बनवायचं, हे फक्त जनुक चालू-बंद करून ठरत नाही. जर्मनीत ग्योटिंगेनच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं, की निकामी होत चाललेल्या हृदयात कित्येक संदेशांची संख्या आहे तेवढीच राहते, त्यांच्यावरच्या खुणा मात्र बदलतात आणि त्या संदेशांपासून बनणाऱ्या प्रथिनाचं प्रमाणही बदलतं. उतारे मोजत बसलं तर यातलं काही दिसणारच नाही.

दादा : हे माणसात?

लेक : उंदरात आणि माणसातही, म्हणजे थकलेल्या मानवी हृदयांच्या नमुन्यांत. उंदरात हा आजार कसा करतात माहीत आहे? उंदराची महाधमनी म्हणजे जाडसर दोऱ्याएवढी. तिच्या वळणावर २७ नंबरची बारीक सुई आडवी ठेवायची, धमनी आणि सुई दोन्हींना मिळून रेशमी धाग्याची गाठ मारायची आणि सुई हळूच ओढून काढायची. मागे राहतं ते सुईच्या जाडीएवढं छिद्र. हृदयाला तेवढ्यातून रक्त ढकलावं लागतं. काही आठवड्यांत भिंत जाड होते, पुढे कप्पा पसरतो.

दादा : म्हणजे एका दुपारी एकदम दाब चढवला. माझ्या माणसांचा चढतो वीस वर्षांत, पापड-लोणच्यानं, तंबाखूनं, जागरणानं. तुझा उंदीर आणि माझा पेशंट यांचा आजार एकच कशावरून?

लेक : एकच नाही. पण कळ कुठली दाबली जाते ते बघायला उपयोगी आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या गटाने उंदरांच्या हृदयपेशींत मेटल-थ्री जास्त करून पाहिलं. दाब न चढवताच स्नायू जाड झाला, पण काम बिघडलं नाही. मेटल-थ्री काढून टाकलं, तर वय झाल्यावर किंवा ताण आल्यावर हृदय निकामी होण्याची लक्षणं दिसली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या सुस्मिता साहू यांच्या गटाने माणूस, डुक्कर आणि उंदीर या तिन्हींच्या दुबळ्या हृदयांत एफटीओ, म्हणजे पुसणारं प्रथिन, कमी झालेलं दाखवलं. हार्ट ॲटॅक आलेल्या उंदरांच्या हृदयात ते वाढवलं, तर हृदयाचं आकुंचन सुधारलं.

दादा : हे सगळं कसं छान एका ओळीत बसलं. आता न बसणारं सांग. असणारच.

लेक : आहे. त्याच २०१९ मध्ये हायडेलबर्गच्या गटाने तेच मेटल-थ्री वाढवलं, तर पेशींचं फुगणं उलट आवरलं गेलं, आणि कमी केलं तर पेशी मोठ्या झाल्या.

दादा : एकाने वाढवलं तर जाड झाला, दुसऱ्याने वाढवलं तर आवरला! आणि यावर औषध काढायचं म्हणता तुम्ही?

मला हा वादातला सगळ्यात मोलाचा क्षण वाटला. लेक इथे पळ काढेल असं वाटलं होतं. तिनं काढला नाही.

लेक : दोन्ही खरे असू शकतात. एका प्रयोगात उंदीर जन्मापासून जास्तीचं मेटल-थ्री घेऊन वाढतो, दुसऱ्यात मोठ्या उंदराला विषाणूमार्फत ते दिलं जातं. किती वाढवलं, किती काळ, कुठल्या वयात, यावर उत्तर फिरतं. मेटल-थ्री कुठल्या एका संदेशावर काम करत नाही, हजारोंवर करतं. त्यांतले काही पेशी वाढवतात, काही रोखतात. सगळ्यांवरच्या खुणा एकदम वाढवल्या तर बेरीज कुठल्या बाजूला झुकेल, ते आधी सांगता येत नाही. माझ्या क्षेत्रात ‘मिथायलेशन वाढलं’ किंवा ‘कमी झालं’ असं लिहिलेला लेख आला की मी आधी विचारते, कुठल्या संदेशावर, कुठल्या जागी?

दादा : आणि ती जागा तुम्ही शोधता कशी?

लेक : मुख्यतः अँटिबॉडीनं. खूण ओळखणारी अँटिबॉडी आरएनएच्या तुकड्यांत टाकायची, चिकटलेले तुकडे वेगळे काढायचे आणि वाचायचे. यात खोट आहे. २०२० मध्ये बऱ्याच प्रयोगांची आकडेवारी पुन्हा तपासली गेली, तेव्हा एकाच प्रकारच्या पेशींवर वेगवेगळ्या प्रयोगशाळांत सापडलेल्या जागांची जुळणी ३० ते ६० टक्क्यांच्या घरात निघाली. नमुने दोन किंवा तीन असले, तर आजारात ‘बदललेल्या’ म्हणून दाखवलेल्या कित्येक जागा निव्वळ गोंगाट असतात. आता अँटिबॉडीशिवाय रासायनिक पद्धतीनं एकेक अक्षर तपासता येतं, पण हृदयाचे बरेच जुने लेख त्याच्या आधीचे आहेत.

दादा : बीपी मोजायलाही हाच न्याय लाव. माझ्याकडे नवीन मुलगा आला की मी आठवडाभर त्याला फक्त बीपी घ्यायला बसवतो. माणूस पाच मिनिटं गप्प बसलेला पाहिजे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. पट्टा दंडाच्या मापाचा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी नसलेल्यालाही बीपी निघतं. मग हवा सोडताना सेकंदाला दोन मिलिमीटरच्या बेतानं. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके विरले तो खालचा. आणि माणूस बोलत असेल तर तो आकडा फेकून दे. एवढं साधं माप चुकतं, तिथे तुमच्या खुणांचं काय घेऊन बसलीस!

लेक : मी तेच म्हणतेय, मामा. माप सुधारतंय. माप वाईट होतं म्हणून वस्तूच नाही, असं होत नाही.

दादा : बरं, तुझी लंगडी बाजू सांग आता. रक्तदाब.

लेक : रक्तदाबात पुरावा पातळ आहे. जपानमध्ये क्योटोत १९६३ साली ओकामोतो आणि आओकी यांनी आपोआप बीपी चढणाऱ्या उंदरांची जात तयार केली, ती आजही वापरतात. चिनी संशोधकांनी त्या उंदरांच्या पेरिसाइट पेशी तपासल्या. या पेशी केशवाहिन्यांना बिलगून बसतात आणि त्यांची रुंदी सांभाळतात. तिथे एम-सिक्स-ए कमी निघालं.

दादा : निकामी हृदयात जास्त, बीपीच्या रक्तवाहिनीत कमी.

लेक : हो. ऊतीऊतीत वेगळं. दुसरा पुरावा जनुकांच्या मोठ्या सर्वेक्षणांतला. रक्तदाबाशी जोडलेल्या डीएनएतल्या काही बदलांमुळे आरएनएवर खूण बसायची जागाच तयार होते किंवा नाहीशी होते, अशी यादी केली गेली आहे. पण ती यादी आहे. त्यातल्या एकेका जागेनं दाब खरंच बदलतो का, हे बहुतेकांचं तपासलेलं नाही.

दादा : याद्यांचं मला सांगू नकोस, एफटीओची गंमत मला ठाऊक आहे. २००७ मध्ये गाजावाजा झाला, लठ्ठपणाचं जनुक सापडलं म्हणून. २००९ मध्ये आपल्या पुण्याच्या केईएमचे याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबीचे चांडक यांनी भारतीयांत तपासलं. एफटीओचा मधुमेहाशी संबंध निघाला, पण तो सगळा वजनामार्फत नव्हता. आपली माणसं बारीक असूनही मधुमेही, हे याज्ञिक आधीपासून सांगत होतेच. आणि मग काय कळलं? २०१४-१५ मध्ये कळलं, की तो डीएनएतला बदल एफटीओच्या आत बसलेला असला तरी हलवतो लाखो अक्षरं पलीकडच्या आयआरएक्स-थ्री आणि फाइव्ह या जनुकांना! चरबीच्या पेशींनी साठवायचं की जाळायचं, ते तिथून ठरतं. एफटीओ बिचारं फुकट बदनाम. तू सांगतेस ते पुसणारं एफटीओ आणि वर्तमानपत्रांतलं लठ्ठपणाचं एफटीओ, यांचा संबंध आहे की नाही?

लेक : थोडा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. तुमचं खरं आहे. लठ्ठपणाचा तो बदल आणि हृदयपेशीतलं पुसायचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कित्येक लेखांच्या प्रस्तावनेत त्या एकमेकांत मिसळतात. मी दुसरा पुरावा धरते. ज्या बाळांत एफटीओचं काम जन्मतःच पूर्ण बंद असतं, अशी एका कुटुंबातली मुलं २००९ मध्ये नोंदली गेली. त्यांची वाढ खुंटलेली होती, अनेक व्यंगं होती, आणि काहींच्या हृदयाच्या रचनेतही दोष होते. म्हणजे माणसाच्या शरीरात हे प्रथिन शोभेचं नाही.

दादा : ते मान्य. शरीरात शोभेचं काहीच नसतं. पण गरजेचं असणं वेगळं आणि त्यावर औषध करणं वेगळं. आता माझं ऐक. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत आपल्या देशातल्या साडेपस्तीस टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब निघाला. २०१७ च्या अखेरीस सरकारनं हायपरटेन्शनचा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या पहिल्या जिल्ह्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि आपला सातारा. त्यात नवीन काहीच नव्हतं. ठरलेल्या क्रमानं जुन्या स्वस्त गोळ्या, एका वेळी महिन्याभराच्या, प्रत्येकाचं कार्ड, आणि आला नाही तर फोन. माझ्या ओपीडीत माणूस सांगतो, ‘डाक्टर, आता काय हुईना म्हणून गोळी सोडली.’ बीपीत काही होतच नसतं, हाच तर रोग आहे! या वाक्यावर तुमचा आरएनए काय करणार?

लेक : काही नाही.

दादा : आणि चीनमधला मिठाचा प्रयोग घे. ६०० खेडी, जवळपास २१ हजार माणसं. निम्म्या खेड्यांत साध्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. पाचेक वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये छापून आलं. मीठ बदललं, बस्स! मूत्रपिंड बिघडलेल्याला आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळीवर असलेल्याला विचारल्याशिवाय देऊ नये एवढंच.

(हे शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून म्हटलं. वाण्याकडून कमी सोडियमचं मीठ आणायचा माझा विचार त्याला कुठून कळला, देव जाणे.)

लेक : मामा, हे सगळं खरं. पण तुमच्याच रजिस्टरमध्ये अशी माणसं आहेत, ज्यांचं बीपी वर्षानुवर्षं १३० च्या आत आहे आणि तरी त्यांचं हृदय ताठर होत गेलं. एकोवर पंपिंग साठ टक्के, म्हणजे ठीकच, आणि तरी माणूस धापा टाकतोय. त्यांना काय देता?

दादा : पाणी उतरवायची गोळी. आणि आता डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. त्यांचा उपयोग होतो.

लेक : मधुमेहाच्या गोळ्या. त्या हृदयावर नेमक्या कशानं चालतात, यावर अजून भांडणं आहेत.

दादा : भांडू देत की. हजारो माणसांवरच्या चाचणीत टिकल्या, मला पुरे.

लेक : मला पुरत नाही. दाब उतरवूनही हृदय मागे फिरत नाही, तेव्हा पेशीच्या आत काहीतरी लिहिलेलं राहिलं आहे, एवढा संशय घ्यायला जागा आहे. ते डीएनएवरच्या खुणांत असेल, तंतूंत असेल, आरएनएवरही असेल.

दादा : आरएनए तर काही तासांत मोडतो. त्यावर लिहिलेलं वर्षानुवर्षं कसं राहील?

इथे लेक क्षणभर थांबली. दादाचा हा प्रश्न आत्तापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा खोल होता, आणि तो रागाच्या भरात नव्हे तर कुतूहलानं विचारलेला होता.

लेक : राहणार नाही. उतारा मोडतो, नवा निघतो, त्यावर पुन्हा खूण बसते. टिकून राहतं ते खूण मारणाऱ्या आणि पुसणाऱ्यांचं प्रमाण. आणि त्यातही वाद आहे. २०१७ मध्ये जेम्स डार्नेल यांच्या गटाने दाखवलं, की बहुतेक खुणा आरएनए तयार होतानाच बसतात आणि पुढे फारशा बदलत नाहीत. त्यांचं मुख्य काम संदेश किती काळ जगेल हे ठरवणं. म्हणजे ‘क्षणाक्षणाला पुसली जाणारी, लिहिली जाणारी खूण’ हे चित्र जरा जास्तच रंगवलेलं आहे. माझ्या मार्गदर्शकांना हे आवडत नाही, मला पटतं.

दादा : मग बाजारात जे चाललंय त्याचं काय? मेडिकलवाला माझ्या पेशंटला मिथाइल फोलेट आणि बी-बारा देतो, ‘मिथायलेशन सुधारतं’ म्हणून.

लेक : मिथाइल गट येतो तो एस-ॲडेनोसिल मिथिओनीन या रेणूतून, आणि तो तयार व्हायला फोलेट आणि बी-बारा लागतात हे खरं. आपल्याकडे बी-बाराची कमतरता भरपूर आहे, ती असेल तर भरून काढावीच. पण गोळी घेतली आणि हृदयातल्या हव्या त्या संदेशावर हवी ती खूण बसली, असं होत नसतं.

दादा : हे माझं खातं. २००६ मधली होप-टू चाचणी. रक्तवाहिन्यांचा आजार किंवा मधुमेह असलेली साडेपाच हजार माणसं, फोलेट, बी-सहा, बी-बारा दिलं, होमोसिस्टीन खाली आलं, पण हार्ट ॲटॅक आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत. दुसरीकडे २०१५ मध्ये चीनमध्ये बीपीच्या वीस हजारांवर माणसांना एनालाप्रिलबरोबर फोलिक ॲसिड दिलं, तर पहिला पक्षाघात एनालाप्रिल एकट्यापेक्षा २१ टक्क्यांनी कमी. तिथे पिठात फोलेट मिसळत नाहीत, म्हणून कमतरता असलेल्यांना फायदा झाला असावा. ज्याला कमी आहे त्याला द्या. ‘मिथायलेशन’ म्हणून सरसकट विकू नका.

यावर दोघांचं चक्क एकमत झालं. मीच बिथरले, कारण माझ्या औषधांच्या डब्यात तसली एक पट्टी होती. ती आता नाही.

लेक : पण मामा, तुम्हाला माझ्या विषयाची गरज आज ना उद्या पडणार, आणि ती बीपीमुळे नाही. मेटल-थ्री बंद करणारी औषधं आली आहेत. २०२१ मध्ये केंब्रिजच्या गटाने उंदरांत दाखवलं, की अशा रेणूनं रक्ताच्या एका कर्करोगाला आवर बसतो. त्याच जातीचं एक औषध २०२२ पासून कर्करोगाच्या रुग्णांत तपासताहेत. आणि ओहायोच्या उंदरांचं आठवा. हृदयातून मेटल-थ्री काढलं, तर काय झालं?

दादा : वय झाल्यावर, ताण आल्यावर हृदय निकामी.

लेक : हेच. कर्करोगासाठी डॉक्सोरुबिसिन घेतलेली बाई काही वर्षांनी तुमच्याकडे धापा टाकत येते तशी.

दादा : (बराच वेळ गप्प.) कर्करोगाच्याच ट्रास्टुझुमॅबच्या वेळी तर आम्ही आधी विचारच केला नव्हता. दर तीन महिन्यांनी एको करायची सवय नंतर लागली.

लेक : या वेळी आधी करा. उंदरात जनुक पूर्ण काढणं आणि माणसाला काही महिने गोळी देणं सारखं नाही. पण सत्तरीच्या माणसाला, ज्याची भिंत आधीच जाड आहे, हे औषध मिळणार असेल, तर सुरुवातीला एको करून ठेवायला काय जातं?

दादा : हजार-दीड हजार रुपये जातात. पण करीन.

माझ्या मते इतक्या बोलण्यात दादाच्या रोजच्या कामात खरोखर शिरलेली गोष्ट ही एवढीच. उच्च रक्तदाबावर आरएनए मिथायलेशनचं औषध निघेल की नाही, हा प्रश्न मला त्या मानानं अजून कच्चा वाटतो. आणि एक गंमत लेकीनं जाता जाता सांगितली, ती दादाला ठाऊक नव्हती. कोलेस्टेरॉलसाठी सहा-सहा महिन्यांनी टोचायचं इनक्लिसिरॅन भारतातही आलंय, महाग आहे. ते आरएनएचंच औषध, आणि साधा आरएनए रक्तात मिनिटांत मोडतो. तो टिकावा म्हणून त्याच्या साखरेवर जागोजागी मिथाइल गट बसवलेले असतात. हे एम-सिक्स-ए नव्हे, ते अक्षरावर असतं आणि हे साखरेवर. पण रसायन मिथायलेशनचंच. त्याच कुळातलं झिलेबेसिरॅन यकृतात दाब चढवणाऱ्या साखळीतलं अँजिओटेन्सिनोजेन बनू देत नाही. २०२४ मध्ये छापलेल्या चाचणीत एका इंजेक्शननंतर वरचा आकडा तीन महिन्यांनी लटक्या इंजेक्शनच्या तुलनेत दहा मिलिमीटरहून जास्त उतरला, आणि परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला. ‘गोळी सोडली’ म्हणणाऱ्या माणसाला सहा महिन्यांनी एक सुई. दादानं यावर फक्त किंमत विचारली, आणि बीपी एकदम पडलं तर सहा महिने काय करायचं, हेही विचारलं. दुसरा प्रश्न कंपन्यांनाही पडलेला आहे.

दादा : बरं, मला पटवायचं असेल तर काय दाखवशील? उंदीर सोडून.

लेक : एकाच माणसाचं हृदय दोन वेळा. हृदय अगदी थकलं की काहींना छातीत पंप बसवतात. बसवताना हृदयाच्या टोकाचा स्नायूचा छोटा गोळा कापून काढावा लागतो. पुढे प्रत्यारोपण झालं तर तेच हृदय सबंध मिळतं. मधल्या काळात पंपानं भार उचललेला असतो. दोन्ही नमुन्यांत, अँटिबॉडीशिवाय, एकेका जागेवरची खूण मोजायची. आणि ज्यांचं हृदय सावरलं आणि ज्यांचं नाही, त्यांच्यात फरक शोधायचा.

दादा : फरक सापडला तरी खुणेमुळे सावरलं, की सावरलं म्हणून खूण बदलली?

लेक : ते बशीत वाढवलेल्या मानवी हृदयपेशींत बघायचं. मेटल-थ्रीला हात लावायचा नाही. एकाच संदेशातलं ते एकच ॲडेनोसिन बदलायचं, म्हणजे खूण बसणारच नाही, आणि मग पेशीवर ताण द्यायचा.

दादा : हे बरं आहे. पण तू चुकीच्या अवयवात बसली आहेस. हृदय भोगतं. दाब ठरतो मूत्रपिंडात, मीठ किती ठेवायचं तिथे.

लेक : मूत्रपिंडाचा तुकडा कुठून आणू? बीपीच्या पेशंटची बायोप्सी तुम्ही पाठवाल का?

दादा : मी कशाला पाठवीन! पण गाठीसाठी मूत्रपिंड काढतात ना. गाठीपासून लांबचा भाग निरोगी असतो, तो पॅथॉलॉजीत पडून राहतो. आणि त्या वयात त्यातल्या पुष्कळांना बीपी असतं. काहींना नसतं. झाले की तुझे दोन गट.

लेकीनं वही काढली. दादानं त्याच्या एका यूरॉलॉजिस्ट मित्राचं नाव सांगितलं, संमतीपत्र आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्यायला बजावलं, आणि वर अट घातली: भूल द्यायच्या टेबलावर घाबरून पडलेल्या माणसाचं मोजलेलं बीपी चालणार नाही. आधीच्या आठवड्यात घरी, सकाळ-संध्याकाळ, दंडाच्या मापाचा पट्टा बांधून मोजलेलं असेल, तेच नमुन्याच्या नोंदीत लिहायचं.